सूर खाली ठेवणं

“तू श्वास कधी घेतोस?” ओनोदा-सानांनी विचारलं.

मी बासरी ओठांवरून काढली आणि छाती फुगवून सांगितलं, “घेतच नाही.”

हे ऐकून म्हातारा चाट पडणार, याची मला खात्री होती. एकच सूर मी सलग धरला होता, मध्ये कुठेही खंड नाही. शेजारी मांडी घालून बसलेल्या खराड्यानं तर घड्याळ लावून मोजलं होतं. “एक मिनिट बेचाळीस सेकंद!” तो चक्क मराठीत ओरडला आणि ओनोदा-सानांकडे अशा रुबाबात बघायला लागला, की जसं काही मी त्याच्याच तालमीत तयार झालो होतो.

ओनोदा-सान चाट वगैरे काही पडले नाहीत. त्यांनी हातातली भलीमोठी सुई चटईत खोचली आणि म्हणाले, “तेच म्हणतो मी. श्वासच नाही, तर मी ऐकू काय?”

ही गोष्ट अठ्ठ्याऐंशी सालची. आमच्या पुण्याच्या कारखान्यानं नवीन यंत्रं मागवली होती आणि ती चालवायला शिकावीत म्हणून आम्हा दोघांना, म्हणजे मला आणि कागलच्या नामदेव खराड्याला, सहा महिन्यांसाठी जपानला पाठवलं होतं. नागोयापासून तासाभरावरचं गाव. यायच्या आधी तीन महिने संध्याकाळच्या वर्गाला जाऊन आम्ही जपानी शिकलो होतो. माझं बरं चाललं होतं. खराड्याचं ‘धन्यवाद’ आणि ‘मासा नको’ एवढ्यावर भागत होतं.

आमच्या वसतिगृहाकडून बसथांब्याकडे जाताना वाटेत ओनोदा-सानांचं, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत ओनोदारावांचं, दुकान लागे. ते तातामी बनवत, म्हणजे तिकडे घरात जमिनीवर अंथरतात त्या लव्हाळ्याच्या जाड चटया. वय बहात्तर, बायको वारलेली, मुलगा दूर कुठेतरी नोकरीला. दोरा ओढून घट्ट करायला ते हाताऐवजी कोपर वापरत, त्यामुळे उजव्या कोपराला हा एवढा घट्टा पडला होता. रविवारी सकाळी दुकान बंद, पण दार उघडं. तिसऱ्या का चौथ्या रविवारी मी तिथून चाललो होतो आणि आतून बासरी ऐकू आली.

खरं तर आधी मला तो वारा वाटला. मग वाऱ्यातून सूर निघाला, वर आला, थोडा वेळ थांबला आणि परत वारा होऊन विरून गेला. मग काहीच नाही. मला वाटलं संपलं. दोन पावलं टाकली तर पुन्हा वारा. मी तिथेच खिळलो. सुरात हवा ऐकू येत होती हो! चक्क फुंकर ऐकू येत होती, आणि वाजवणारा ती लपवत नव्हता. माझ्या सुरात एवढीशी जरी हवा आली असती, तरी अप्पांनी कान उपटून हातात दिला असता.

अप्पा म्हणजे माझे वडील. आम्ही गुरव. कराडच्या वरच्या अंगाला आमचं गाव आहे, तिथे भैरोबाच्या देवळात आमच्या घराण्याची सनई चार पिढ्या वाजते. सनईवाला सगळ्यांना दिसतो. त्याच्या शेजारी आणखी एक जण बसलेला असतो, त्याच्याकडे मात्र कुणाचं लक्ष जात नाही. त्याच्याही हातात सनईच असते, पण तो एकच सूर धरून बसतो. पालखी उठल्यापासून परत टेकेपर्यंत तोच सूर. गालात हवा साठवायची, ती फुंकत असतानाच नाकानं पुढची आत ओढायची. सूर तुटता कामा नये. त्या सुराच्या जिवावर सनईवाला आपली सगळी कलाकुसर करतो. थोरला भाऊ तात्या अप्पांकडून सनई शिकला. मी धाकटा, मला सूर मिळाला. वयाच्या सातव्या वर्षापासून विसाव्या वर्षापर्यंत मी एक सूर वाजवला. कधी चुकून दुसऱ्यावर बोट गेलंच तर अप्पा म्हणत, “तो तात्याचा.”

विसाव्या वर्षी मला कारखान्यात टर्नरची नोकरी लागली आणि मी सूर ठेवून पुण्याला गेलो. त्या दिवसापासून अप्पा माझ्याशी बोलले नाहीत. भांडण नाही, तंटा नाही. सुट्टीला घरी गेलो की आईला म्हणायचे, “इचार त्येला, भाकरी वाढायची का.” मी समोरच ताटावर बसलेलो असायचो. माझ्या जागी चुलत भाऊ सदा सूर धरायला लागला होता, आणि सदाला ऐन आरतीत जांभया येतात, ही बातमी आई दर पत्रात न चुकता कळवत होती. अप्पांनी मुद्दाम लिहायला लावली असावी.

तर असा मी त्या चटयांच्या दुकानात शिरलो आणि मोडक्यातोडक्या जपानीत म्हणालो, मला हे शिकवा.

शाकुहाची म्हणतात त्या बासरीला. हातभर लांब, बांबूच्या मुळाकडचा जाड भाग तसाच ठेवलेला. पुढे चार भोकं, मागे एक. तोंडाशी पत्ती नाही, काही नाही, नुसती तिरकी कापलेली कड. सनई फुंकून फुंकून माझे गाल पखालीसारखे झालेले, मी सगळा जोर लावला. फुस्स! ओनोदा-सान हसले नाहीत. त्यांनी एक जुनी, चिरलेली आणि चिरेवर दोरा गुंडाळलेली बासरी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, “सगळी भोकं बंद. सगळ्यात खालचा सूर. रोज दहा मिनिटं तेवढाच.”

म्हणजे बघा. एका सुराला कंटाळून मी समुद्र ओलांडून आलो, आणि इथे पुन्हा एकच सूर. मी मनातल्या मनात कपाळाला हात लावला.

पण शिकलो. तीन आठवडे वसतिगृहाच्या गच्चीवर नुसती फुसफुस केली. “आरं कुकरची शिट्टी तरी वाजती,” खराडे म्हणायचा. चौथ्या आठवड्यात सूर लागला. त्यानंतर तो काही केल्या सुटेना. जेवणाच्या सुट्टीत वाजवावासा वाटे, दात घासताना वाटे. सनईचा सूर लांब पोचावा म्हणून असतो, गावाच्या वेशीपर्यंत. हा सूर हनुवटीच्या हाडात वाजायचा, मग छातीत. हनुवटी जराशी खाली घेतली की तोच सूर उतरे, जराशी वर केली की चढे. माझा सूर मलाच पहिल्यांदा ऐकू येत होता. तो मला फार आवडला.

आणि मग मी हाव धरली. मला एकदा, मरायच्या आत, काहीतरी पुरतं वाजवायचं होतं. ज्याला सुरुवात आहे, शेवट आहे, आणि जे तात्याचं नाही. ओनोदा-सान दर रविवारी एक जुनी धून वाजवत. पूर्वी तिकडे भिक्षू तोंड दिसू नये म्हणून डोक्यावर टोपली पालथी घालून दारोदार वाजवत फिरायचे, त्यांच्यापैकी कुणाची तरी. मी म्हटलं, ही शिकवा.

“खालचा सूर नीट आला की पान लिहून देतो,” ते म्हणाले.

तो नीट आलाय हे दाखवायलाच मी त्या रविवारी आमची घराण्याची कला काढली होती. नाकानं हवा ओढत एक मिनिट बेचाळीस सेकंद. साक्षीदार म्हणून खराड्यालाही नेलं होतं. आणि म्हातारा विचारत होता, ऐकू काय?

“तुझा सूर संपत नाही,” ते म्हणाले. “जो संपत नाही तो सुरू कसा होणार? श्वास घे. मला ऐकू येईल असा घे.”

मग मला समजावं म्हणून त्यांनी स्वतः ती धून वाजवली. पहिला सूर आला, वर चढला, विरला. शांतता झाली. आणि त्या शांततेत खराडे खणखणीत आवाजात म्हणाला, “वाहवा! क्या बात है!” वर टाळ्या वाजवल्या. आपल्याकडे माणूस थांबला की दाद द्यायची असते, त्याचं काय चुकलं! ओनोदा-सानांनी बासरी बाजूला घेतली, खराड्याला कमरेत वाकून नमस्कार केला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. खराड्यानं पुन्हा त्याच ठिकाणी दाद दिली. पुन्हा नमस्कार. तिसऱ्या वेळी मी त्याच्या मांडीवर हात दाबून धरला.

परतीचं विमान पाच आठवड्यांवर आलं होतं. दुसऱ्या यंत्राचं शिक्षण संपत आलं होतं, खराड्यानं घरच्यांसाठी छत्र्या घेऊन ठेवल्या होत्या, आणि माझं पान कोरंच होतं. मी रोज गच्चीवर थांबायचा सराव करत होतो. हसू नका. सूर धरायचा आणि सोडायचा, एवढंच. ते जमेना. दम संपत आला की आपोआप गाल फुगत आणि नाक हवा ओढून मोकळं होई. मुद्दाम थांबलोच, तर छातीत धस्स होई आणि मी घाईघाईनं पुढचा सूर पकडी.

“चोरासारखा घेतोस,” ओनोदा-सान पुढच्या रविवारी म्हणाले. “कुणी बघायच्या आत.”

त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. त्याच्याही पुढच्या रविवारी मी रागावलो. मी म्हटलं, माझं जाणं जवळ आलंय, तुम्हाला शिकवायचं नसेल तर तसं सांगा. जपानीत हे फार उद्धट झालं असणार, कारण क्रियापदाची मानाची रूपं मला रागात आठवली नव्हती.

ते चटईची कड शिवत होते. सुई खुपसली, दोरा काढला, कोपर टेकवून करकचून ओढला. मग वर न बघता म्हणाले, “तू थांबलास तर काय होतं?”

“काय व्हायचंय?”

“ते मला माहीत नाही. तुला माहीत आहे. तू घाबरतोस.”

मग जे कधी खराड्यालाही सांगितलं नव्हतं, ते त्या परक्या माणसाला, शब्द शोधत, हातवारे करत सांगितलं. मी अकरा वर्षांचा असेन. चैत्रातली जत्रा, भैरोबाची पालखी देवळाच्या पायऱ्या उतरत होती, सगळा गाव लोटलेला. गुलाल उधळला गेला, माझ्या नाकात गेला आणि मला शिंक आली. एकच शिंक. सूर तुटला. अप्पा वरच्या पट्टीत कुठेतरी होते, ते तिथेच थांबले. संबळ थांबला. पालखी पायरीवर थबकली. गावातली सगळी तोंडं माझ्याकडे वळली. अप्पांनी मारलं नाही की शिवी दिली नाही. घरी आल्यावर फक्त एवढं म्हणाले, “मुकुंदा, म्या तुझ्या सुरावर हुबा असतो. तू हाललास तर म्या पडनार.”

त्यानंतर नऊ वर्षं मी कधी हललो नाही.

ओनोदा-सानांनी सुई ठेवली. त्यांनी दुकानभर नजर फिरवली. भिंतीला टेकलेल्या चटया होत्या, लव्हाळ्याच्या पेंढ्या होत्या, किटली होती.

“इथं तुझ्या सुरावर कोण उभं आहे?” त्यांनी विचारलं.

मीही वेड्यासारखं सगळीकडे बघितलं. “कुणी नाही.”

“मग ठेव खाली.”

मी बासरी ओठांना लावली. सूर आला. धरला. दम संपत आला, गाल फुगायला लागले, ते मी फुगू दिले नाहीत. सूर बारीक झाला, त्यात हवा मिसळली, मग नुसती हवा राहिली, मग तीही गेली. मी थांबलो. छातीत धस्स झालं आणि मी त्या धस्स होण्याकडे बघत बसून राहिलो. रस्त्यावरून एक सायकल गेली. किटलीचं झाकण हललं. कुणी पडलं नाही. आणि मग, मी तुम्हाला सांगतो, मला इतका आनंद झाला, इतका आनंद झाला, की सत्तावीस वर्षांचा बाप्या मी, तिथे चटईवर बसून खदाखदा हसायला लागलो. हसू ओसरल्यावर श्वास घेतला. मोठा, आवाज करत. मग पुढचा सूर.

त्यानंतर आजवर मी एक सकाळ चुकवलेली नाही. बायको म्हणते, तुमचं वाजवणं म्हणजे अर्धं न वाजवणंच आहे. तिला मी काही बोलत नाही, कारण ते खरं आहे. मैफल करायला सांगतात, मी करत नाही. चार माणसं समोर बसली की ती सुरावर टेकायला लागतात. मला सकाळचा तो अर्धा तास पुरतो, ज्यात माझ्यावर कुणीच टेकलेलं नसतं.

ओनोदा-सानांनी त्याच रविवारी पान लिहून दिलं. वरून खाली लिहिलेली सुरांची अक्षरं, आणि जिथे थांबायचं तिथे मोकळी जागा. मोकळी जागाच जास्त होती. उरलेल्या दोन रविवारी त्यांनी ते माझ्याकडून म्हणवून घेतलं, मग वाजवून घेतलं. चिरलेली बासरी माझ्याकडेच राहू दिली. निघताना मी त्यांच्या पाया पडलो, तर गडबडून तेही माझ्या समोर जमिनीवर डोकं टेकून बसले. खराडे म्हणाला, “उठा आता दोघंबी, बस सुटंल.”

परत आल्यावर मी गावी गेलो. वैशाख होता. घरात सगळं तसंच होतं. आईनं दृष्ट काढली, तात्यानं विमानात जेवायला काय देतात ते विचारलं, आणि अप्पा आईला म्हणाले, “इचार त्येला, किती दिस हाय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या शेताकडे गेल्यावर मी अंगणात जात्याजवळ बसलो. अप्पा ओट्यावर माझ्याकडे पाठ करून सनईची पत्ती घासत होते. त्यांना आवडणार नाही, ते आत निघून जातील, हे मला माहीत होतं. तरी मला त्यांच्यासमोरच वाजवायचं होतं. सात वर्षांत मी त्यांना सांगितलेली ती पहिली गोष्ट असणार होती.

मी वाजवलं. पहिला सूर विरला, थांबलो. अप्पांचे हात थांबले. दुसरा सूर, थांबलो. त्यांची मान किंचित वळली. सहाव्या-सातव्या वेळी त्यांना राहवलं नाही.

“ह्येला सूर कोन धरतं?” त्यांनी विचारलं. आईकडे न बघता. आई चुलीपुढून उठून दारात आली.

“कुनी न्हाई, अप्पा. एकट्यानंच वाजवायचं असतं.”

“एकट्यानं?” त्यांचा चेहरा उतरला. माझी त्यांना कीव आली असावी. “बिनसुराचं? पोरक्यावानी?”

मी काही उत्तर द्यायच्या आत ते उठून घरात गेले. मला वाटलं, झालं, गेले. पण ते परत आले तेव्हा त्यांच्या हातात सूर होता. माझा सूर. तेरा वर्षं मी फुंकलेली ती सनई. आयुष्यभर कुणासाठीही सूर न धरलेला तो माणूस माझ्या शेजारी येऊन मांडी घालून बसला, पत्ती ओठांत आतबाहेर करत त्यानं माझ्या बासरीला मिळेलसा सूर शोधला, आणि डोळ्यांनी मला खूण केली. वाजव.

या धुनेखाली सूर धरत नाहीत. ओनोदा-सानांना कळलं असतं तर काय वाटलं असतं कोण जाणे. मी वाजवायला लागलो.

माझा सूर विरायचा आणि अप्पांचा चालूच राहायचा. मी थांबायचो, ते थांबायचे नाहीत. माझ्या मोकळ्या जागा ते भरत होते, आणि मला राग येत नव्हता. पण अप्पा तेव्हा अडुसष्टचे होते, तंबाखूनं छाती पोखरलेली. पाचव्या-सहाव्या सुराला त्यांची नाकानं ओढायची हवा कमी पडायला लागली. गाल थरथरले, मान ताठली, आणि सूर एकदम तुटला.

अप्पांनी डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. त्या डोळ्यांत इतकी भीती मी कधी पाहिली नव्हती. मीही बासरी खाली घेतली. अंगणात कसलाच आवाज नव्हता.

“पडलास का रं?” त्यांनी धापा टाकत विचारलं.

“न्हाई, अप्पा,” मी म्हटलं. “हितं थांबत्यात.”

“थांबत्यात?”

“व्हय.”

“किती येळ?”

“वाटंल तेवढा.”

अप्पांनी सनई मांडीवर आडवी ठेवली. पाठ भिंतीला टेकवली आणि पाय हळूहळू लांब केले.

“मग बसू की जरा,” ते म्हणाले.